स्पर्धा आयोगाला एका रिचार्जवाल्याचं खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय स्पर्धा आयोग, नवी दिल्ली

साहेब, मॅडम, नमस्कार.

कराडला स्टँडजवळ माझं मोबाइलचं छोटं दुकान आहे. वडलांनी त्या जागेत एसटीडी बूथ टाकला होता, मग कॉइन बॉक्स आला, मग स्क्रॅच कार्डं, मग लापू (दुकानातल्या सिमवरून मारायचं रिचार्ज), आणि आता काचेत कव्हर, चार्जर आणि टेम्पर्ड ग्लास लटकतात. रिचार्जचा धंदा नावाला उरलाय. पण त्याच काउंटरमागं उभं राहून टेलिकॉमचा बाजार कसा भरला आणि कसा ओस पडला ते सगळं बघितलंय, म्हणून लिहितोय. टेलिकॉमवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायला लिही असं मित्र म्हणाले. पण ट्राय दर आणि नेटवर्क बघतं, बाजारात विकणारे किती उरले आणि का उरले हे बघायला कायद्यानं तुम्हाला बसवलंय.

जे म्हणायचंय ते आधीच सांगतो, कारण पुढं पत्र लांबणार आहे. जिओ कंपनी महिनोन्‌महिने फुकट वाटत होती तेव्हा तुम्ही म्हणालात ही तर अजून लहान आहे, हिला दबदबा असलेली कशी म्हणायची. आणि आता उरलेल्या तिघी, जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया, एकाच आठवड्यात दर वाढवतात तेव्हा कायदा म्हणतो त्यांच्यात ठरवून झालं याचा पुरावा दाखवा. मोठं होताना लहान म्हणून सुटायचं, मोठं झाल्यावर एकटी नाही म्हणून सुटायचं. मग धरायचं कधी?

आता मक्तेदारी म्हणजे आम्हाला काय नवीन नाही. टेलिफोन खात्याचं राज्य होतं तेव्हा लँडलाइनसाठी अर्ज करून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, पोराच्या जन्माला अर्ज केला आणि पोरगं शाळेत गेल्यावर फोन आला असं आमच्याकडं गमतीनं म्हणायचे आणि त्यात फारशी गंमत नसायची. जास्त पैसे आधी भरून ओवायटी नावाच्या वेगळ्या यादीत नंबर लावता यायचा. लाइनमनला दिवाळी द्यावी लागायची नाहीतर पावसाळ्यात डब्यात पाणी शिरलं की तुमची लाइन सगळ्यात शेवटी. मुंबई-दिल्लीला १९८६ पासून एमटीएनएल, बाकी देशाला खातं, आणि २००० साली खात्याचीच बीएसएनएल झाली. ही मक्तेदारी मिळवायला कुणी काही केलं नव्हतं, ती सरकारनं दिली होती, आणि टिकली कारण दुसऱ्या कुणाला तार टाकायची परवानगीच नव्हती.

पण ती गेली कशी हे बघण्यासारखं आहे. कुणी जास्त चांगली लँडलाइन आणली म्हणून गेली नाही, तारेचीच गरज संपली म्हणून गेली. आणि गंमत म्हणजे बीएसएनएलकडं मोबाइल पण होता, २००२ च्या शेवटाला त्यांचं सिम आलं तेव्हा ते मिळवायला वशिला लागायचा, २००४-०५ ला कंपनीचा नफा दहा हजार कोटींच्या वर होता. मग मोठमोठी टेंडरं अडकली, रद्द झाली, यंत्रं वेळेवर आली नाहीत, दुसऱ्यांचं फोरजी जोरात चाललं होतं तेव्हा बीएसएनएलला फोरजीचं स्पेक्ट्रम (सिग्नलच्या लहरी) द्यायचा निर्णय २०१९ च्या पॅकेजमध्ये झाला, आणि देशभराचं फोरजी उद्घाटन झालं सप्टेंबर २०२५ मध्ये. तोवर दुसऱ्यांचं फाइव्हजी येऊन तीन वर्षं होत आली होती. मालकालाच धंदा चालवायचा नसेल तर हरवायला स्पर्धक लागत नाही.

मग मधला काळ आला, त्याला मी बाजार म्हणतो. पहिल्यांदा १९९५ ला मोबाइल आला तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे लागायचे, तो आमचा विषयच नव्हता. २००३ ला इनकमिंग फुकट झालं, रिलायन्सचा ५०१ रुपयांत हातात मिळणारा फोन आला, आणि आमच्याकडं भाजीवाल्याच्या पण कमरेला मोबाइल दिसायला लागला. पुढं २००९ ला टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा काढला तेव्हा बाकीच्यांनी आधी नाकं मुरडली आणि थोड्याच दिवसांत सगळ्यांनी तेच केलं, झक मारत केलं. त्यावेळी माझ्या दुकानाच्या शटरवर कुठल्या कंपनीचा रंग मारायचा यावरून सेल्समनची भांडणं व्हायची. आयडिया, एअरटेल, व्होडाफोन, रिलायन्स, डोकोमो, एअरसेल, युनिनॉर, बीएसएनएल, सगळ्यांचे बोर्ड एकावर एक. सकाळी एक जण येऊन आपला बोर्ड वर चढवायचा, संध्याकाळी दुसरा येऊन तो खाली घ्यायचा. गिऱ्हाईक विचारायचं आज कुणाचं स्वस्त आहे, आणि रोज उत्तर वेगळं असायचं. २०११ च्या जानेवारीत नंबर न बदलता पोर्ट करायची सोय देशभर झाली तेव्हा तर कंपन्यांची माणसं गिऱ्हाइकाशी जरा नीट बोलायला लागली, हे मी डोळ्यानं बघितलंय.

तेव्हा सगळं छान होतं असं मी म्हणत नाही हां. इतक्या कंपन्या होत्या त्यातल्या कित्येक लायसन वाटपाच्या घोळातून आल्या होत्या आणि सुप्रीम कोर्टानं २ फेब्रुवारी २०१२ ला १२२ लायसन एका फटक्यात रद्द केली. ज्या टिकल्या त्या तीन-चार मोठ्या पण काही साधुसंत नव्हत्या. २०१६ च्या आधी एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास लागायचे आणि तो महिनाभर पुरवून पुरवून वापरायचा, पोरं फोन डेटा बंद करून खिशात ठेवायची. कॉलर ट्यून आपोआप चालू व्हायची, बॅलन्स कापला जायचा, आणि शिव्या दुकानात मला बसायच्या. तेव्हा स्पर्धा होती ती बोलण्याच्या दरात. डेटाच्या दरात ह्या सगळ्या आरामात बसल्या होत्या.

म्हणून ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं ते उगाच नाही. सुरुवातीला मोठ्या शहरात त्यांच्या स्वतःच्या दुकानांपुढं रांगा, आमच्याकडची पोरं गाडी काढून कोल्हापूरला जाऊन सिम घेऊन यायची, नंतर आमच्यासारख्यांकडं आलं. आधारवर अंगठा लावला की काही मिनिटांत सिम चालू, आधी फॉर्म, फोटो, झेरॉक्स आणि दोन दिवस थांबा असायचं. कॉल फुकट, डेटा फुकट, पहिल्यांदा डिसेंबरपर्यंत आणि मग नाव बदलून ३१ मार्चपर्यंत. १७० दिवसांत १० कोटी गिऱ्हाईक. गावातल्या पोरींनी त्याच्यावर स्पर्धा परीक्षेचे क्लास केले, शेतकऱ्यांनी द्राक्षाच्या औषधाचे व्हिडिओ बघितले, माझ्या आईनं बहिणीला पहिल्यांदा व्हिडिओ कॉल लावला. हे खोटं कसं म्हणू. त्यामुळं जिओ आलंच नको होतं असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांच्यातला मी नाही.

आणि जुन्यांनी तेव्हा काय केलं? दार अडवलं. एका कंपनीचा कॉल दुसरीकडं जायला दोघींच्यामध्ये जोड लागतात, ते पुरेसे दिलेच नाहीत, जिओवरून लावलेले कॉल ढिगानं फेल व्हायचे. ट्रायनं ऑक्टोबर २०१६ मध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाला मिळून ३,०५० कोटींचा दंड करा अशी शिफारस केली. तुम्ही पण त्यात चौकशीचा आदेश काढला होता, तो मुंबई हायकोर्टानं २०१७ मध्ये रद्द केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आधी ट्रायला ठरवू दे, मग तुमची पाळी. म्हणजे एक भांडण दोन खात्यांच्या उंबऱ्यावर दोन वर्षं पडून, आणि तोपर्यंत ज्याचं काय व्हायचं ते होऊन गेलेलं.

आता तुमच्या त्या दुसऱ्या आदेशाकडं येतो, ज्यासाठी हे पत्र आहे. एअरटेलनं तुमच्याकडं तक्रार केली होती की फुकट वाटणं म्हणजे बाकीच्यांना संपवायला खर्चापेक्षा खाली विकणं आहे. जून २०१७ मध्ये तुम्ही ती बंद केली. कारण काय तर जिओचा वाटा सात टक्क्यांच्या आत, बाजारात दुसऱ्या बलाढ्य कंपन्या आहेत, आणि खर्चाखाली विकायला बंदी आहे ती फक्त ज्याचा दबदबा आहे त्याला. मागं असलेल्या रिलायन्सनं त्यात पैसा ओतला तर नुसतं पैसा ओतणं हा काही गुन्हा नाही. कायद्याच्या अक्षराला धरून ते बरोबर असेल, मी वकील नाही. पण मी दुकानदार आहे आणि मला एवढं कळतं की खर्चाखाली विकायची ताकद कुणात आहे हे त्याच्या आजच्या गिऱ्हाइकांवरून ठरत नाही, त्याच्या तिजोरीवरून ठरतं. सात टक्केवाला चहावाला वर्षभर फुकट चहा पाजू शकत नाही. ज्याची मागं रिफायनरी आहे तो पाजू शकतो.

आणि हे माझ्या मनचं नाही, तुमच्याच कायद्यात लिहिलंय. २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम १९, पोटकलम ४. दबदबा ठरवताना काय काय बघायचं त्याची यादी आहे तिथं, बाजारातला वाटा तर आहेच पण कंपनीचा आकार आणि साधनं, आर्थिक ताकद, प्रतिस्पर्धी किती मोठे, नवीन माणसाला आत शिरायला किती अडचण, गिऱ्हाईक किती अवलंबून, हे सगळं आहे. मी ते पोराकडून मोबाइलवर काढून दोनदा वाचून घेतलं. तर मग तराजूत टक्केवारीच एवढी जड का पडते? दीड लाख कोटींच्या आसपास पैसा घालून उतरलेली कंपनी आणि नवीन चार टॉवर लावून उतरलेली कंपनी यांना एकाच शब्दात नवीन म्हणायचं का?

बरं त्यानंतर काय झालं ते क्रमानं बघा. अनिल अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सनं २०१७ च्या शेवटाला कॉलची सेवा गुंडाळली. एअरसेल २०१८ च्या सुरुवातीला दिवाळखोरीत, आमच्याकडं लोक येऊन विचारायचे नेटवर्क का नाही, आणि पोर्ट करायचा कोड पण येईना म्हणून रडकुंडीला आलेले. टेलिनॉर (आधीची युनिनॉर) एअरटेलला, टाटाचा मोबाइल एअरटेलला. ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एकत्र. आयडियाचं आम्हाला विशेष वाटायचं, कारण बिर्लांच्या त्या कंपनीची सुरुवातच १९९५ ला महाराष्ट्र-गुजरातच्या लायसनपासून झाली होती आणि आमच्या डोंगरात दुसरं काही लागत नसलं तरी आयडियाची एखादी कांडी दिसायचीच. दुकानाच्या शटरवर दहा वर्षांपूर्वी जागा पुरत नव्हती, आता तीनच रंग आहेत आणि चौथा सरकारी, तो मीच हौसेनं ठेवलाय.

सगळं जिओमुळं झालं असं पण नाही, तेवढा प्रामाणिकपणा ठेवतो. यात सरकारचा हात मोठा आहे. एजीआरचा खटला घ्या, म्हणजे कंपनीच्या कुठल्या कुठल्या कमाईवर सरकारची फी मोजायची याचं भांडण, २४ ऑक्टोबर २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. व्होडाफोन आयडियाच्या डोक्यावर त्याचे ५८ हजार कोटींच्या वर, एअरटेलच्या डोक्यावर ४४ हजार कोटींच्या जवळपास, आणि जिओनं १९५ कोटी भरून विषय संपवला, कारण जिओ उशिरा आली, जुनी थकबाकी तिच्याकडं कुठून असणार. आता निकाल कायद्यानं बरोबर असू दे. पण आधीच कंबरडं मोडलेल्याच्या पाठीवर हे पडलं आणि मग त्याला उचलायला सरकारच धावलं. २०२३ ला थकबाकीचे शेअर केले, एप्रिल २०२५ ला आणखी ३६,९५० कोटींचे केले आणि सरकारचा वाटा झाला ४९ टक्क्यांच्या जवळ. म्हणजे आता चारातली एक कंपनी पूर्ण सरकारची, दुसरीत सगळ्यात मोठा वाटेकरी सरकार, स्पेक्ट्रम विकणारं सरकार, लायसन फी घेणारं सरकार, आणि दर वाढले की त्याच्यावरचा जीएसटी पण सरकारचाच. अशा घरात कुणाला दरवाढ नको असेल तुम्हीच सांगा.

मक्तेदारी मिळवायला धाडस लागतं, पैसा लागतो, हे मान्य. पण टिकवायला फार काही करावं लागत नाही, दार जड झालेलं असतं एवढंच. २०२२ च्या फाइव्हजी लिलावात दीड लाख कोटी जमले, त्यातले ८८ हजार कोटी एकट्या जिओचे. त्या लिलावात अदानींनी पण २१२ कोटींचं थोडंसं घेतलं होतं, तेव्हा आमच्या कट्ट्यावर चर्चा की बघा आता चौथा खासगी गडी आला. २०२५ च्या एप्रिलमध्ये तेही एअरटेलला द्यायचा करार झाला. अदानींना जिथं परवडत नाही तिथं दुसरा कोण येणार हो? वरून उपग्रहावरून इंटरनेट येणार म्हणत होते, त्या स्टारलिंकनं मार्च २०२५ मध्ये आधी एअरटेलशी आणि दुसऱ्या दिवशी जिओशी विक्रीचा करार केला. तारेच्या राज्याला मोबाइलनं खाली पाडलं होतं, तेव्हा मोबाइल तारवाल्याच्या दुकानातून विकायला ठेवला नव्हता. या वेळी नवीन वस्तूच जुन्या दुकानदाराच्या हातातून येणार आहे.

आणि मग दर. डिसेंबर २०१९, तिघींनी घोषणा एकाच दिवशी, अंमल ३ आणि ६ तारखेला. नोव्हेंबर २०२१, एअरटेलनं २२ ला जाहीर केलं, व्होडाफोन आयडियानं २३ ला, जिओनं २८ ला. जून २०२४, जिओ २७ ला, एअरटेल २८ ला, व्होडाफोन आयडिया पण २८ ला. जिओचा १५५ चा १८९ झाला, २३९ चा २९९ झाला. एअरटेलचा १७९ चा १९९, आणि व्होडाफोन आयडियाचा पण १७९ चा १९९. गिऱ्हाईक उभं राहून विचारतं स्वस्तात कुणाचं आहे, आणि मी कॅलेंडरकडं बघतो.

ह्याला ठरवून केलं असं मी म्हणणार नाही, माझ्याकडं काही कागद नाही. आणि तुम्हालाही म्हणता येत नाही ते मला माहिती आहे. गॅस सिलेंडर बनवणाऱ्यांच्या केसमध्ये २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की विकणारे थोडे आणि घेणारे पण थोडे अशा बाजारात दर सारखे आले म्हणजे संगनमत झालंच असं नाही. ते पटण्यासारखं पण आहे. समोरच्याचा दर टीव्हीवर बघून आपला ठरवायला मीटिंग कशाला लागते, आमच्याकडं वडापाववाले तेच करतात. पण तिथंच तर घोटाळा आहे. तीनच उरल्यावर संगनमताची गरजच संपते. आणि आपल्या कलम ४ मध्ये दबदबा एका कंपनीचा किंवा एका ग्रुपचा धरता येतो, तीन वेगळ्या कंपन्यांचा मिळून धरता येत नाही. २०१२ च्या दुरुस्ती विधेयकात तसं घालायचं होतं, ते विधेयक बारगळलं. २०२३ ला कायद्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या, दंड जगभरच्या उलाढालीवर आला, दोन हजार कोटींच्या वरच्या सौद्यांना तुमच्याकडं यावं लागायला लागलं, चांगलंच झालं, पण हे भोक तसंच राहिलं.

दरापेक्षा मला जास्त टोचतात त्या बारीक गोष्टी, कारण त्या काउंटरवर येतात. पाटणकडच्या डोंगरातले एक म्हातारबा माझं जुनं गिऱ्हाईक. २००६ च्या सुमाराला त्यांनी एका कंपनीचं लाइफटाइमचं कार्ड घेतलं, ९९९ रुपये एकदम, इनकमिंग आयुष्यभर फुकट. मुलगा मुंबईला, तो लावणार, हे घेणार, एवढाच वापर. २०१८ च्या शेवटाला मेसेज आला की महिन्याला किमान रिचार्ज मारा नाहीतर सेवा बंद. म्हातारबा एसटीनं खाली आले, सातबाऱ्याच्या प्लास्टिकच्या पिशवीतून त्या ९९९ ची पावती काढून काउंटरवर ठेवली, घडीवर फाटलेली, आणि म्हणाले, "मी अजून मेलो न्हाई की." काय सांगू मी त्यांना? कस्टमर केअरला लावला तर एक दाबा, दोन दाबा. डिस्ट्रीब्युटरच्या माणसाला दाखवलं तर तो हसला. त्यावेळी किमान रिचार्ज ३५ रुपयांचा होता. आता नुसत्या इनकमिंगसाठी सिम जिवंत ठेवायचं म्हटलं तरी महिन्याचे दोनशेच्या घरात जातात. त्यात महिना पण २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला बाराचे तेरा रिचार्ज. ट्रायनं २०२२ मध्ये सांगितलं की किमान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवा, ठेवला त्यांनी, पण तो शोधून काढायला गिऱ्हाइकाला माझ्याकडं यावं लागतं आणि २८ वाला सगळ्यात वर असतो. डेटा नको असणाऱ्याला नुसत्या कॉलचा प्लॅन द्या हे सांगायला डिसेंबर २०२४ उजाडला. जिथं दहा विकणारे असतात तिथं असल्या गोष्टी सांगायला सरकार लागत नाही, कुणीतरी एक जण गिऱ्हाईक ओढायला आपणहून करतो.

कमिशनचं पण तसंच. कंपन्या दहा होत्या तेव्हा सेल्समन चहा पाजून जायचा, आता टार्गेट सांगून जातो. नवीन सिम इतकी मारलीत तरच रिचार्जचं कमिशन, नाहीतर आयडी बंद. कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही, जे या धंद्यात आहेत त्यांना कळेल. सोडून जाऊ म्हटलं तर जायचं कुठं?

आणि आमच्या हातचं रिचार्ज गेलं ते अ‍ॅपवर गेलं. त्याची तक्रार नाही, लोकांना सोपं पडतं. पण तिथं काय चाललंय ते बघा. आधी कॅशबॅक, स्क्रॅच कार्ड, पैसे परत, आणि लोकांना सवय लागल्यावर फोनपेनं २०२१ ला आणि गुगल पेनं २०२३ ला रिचार्जवर एक-दोन-तीन रुपये फी घ्यायला सुरुवात केली. यूपीआयचे ८० टक्क्यांच्या आसपास व्यवहार या दोघांकडं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं २०२० ला ठरवलं की कुणाचाच वाटा ३० टक्क्यांच्या वर नको, मग मुदत वाढवली, आणि आता मुदत ३१ डिसेंबर २०२६. मर्यादा घालायची ती वाढ होऊन गेल्यावर, आणि मग एवढी वाढलीये आता कापली तर लोकांची गैरसोय होईल म्हणून पुढं ढकलायची. चित्र तेच, फक्त कंपन्यांची नावं वेगळी.

मग ही ताकद कधी जातच नाही का? जाते, आणि २०२४ च्या जुलैत मी एक महिना तसं वारं बघितलं. दरवाढ झाल्यावर लोक बीएसएनएलला पोर्ट करायला माझ्याकडं रांग लावून. पोरं स्टेटस ठेवायची, घरवापसी म्हणून. त्या एका महिन्यात बीएसएनएलला देशात २९ लाखांच्या वर गिऱ्हाईक वाढलं आणि जिओचं पुढचे तीन महिने कमी होत राहिलं, सप्टेंबरात तर ऐंशी लाखांच्या जवळ. कंपन्यांची माणसं पहिल्यांदा घाबरलेली दिसली, जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून ऑफर द्यायला लागली. पण बीएसएनएलला आमच्याकडं टॉवर होता आणि नेट नव्हतं. दिवाळीनंतर तीच माणसं परत आली, नोव्हेंबरात बीएसएनएलचं गिऱ्हाईक पुन्हा घटलं. त्या चार महिन्यांत फोरजी चालू असतं तर मला वाटतं पुढची दरवाढ करायला हे तिघं शंभरदा विचार करते. तेव्हा एक दार उघडं होतं, आत दिवाच नव्हता.

तर मागणं काय, ते सरळ लिहितो.

एक तर पुढच्या वेळी कुठल्याही धंद्यात कुणी फुकट वाटत उतरला, टेलिकॉम असो, किराणा दहा मिनिटांत पोचवणारे असोत, नाहीतर विमानं, तर त्याचा वाटा किती यावर फाइल बंद करू नका, कलम १९(४) मधली साधनं आणि आर्थिक ताकद खरोखर तराजूत टाका. फुकट बंद करा असं म्हणत नाही. किती दिवस, कुणाच्या पैशानं, आणि बाकीचे त्यात मरतायत का, एवढं दर तीन महिन्यांनी विचारत राहा. विचारणारा आहे हे कळलं तरी फरक पडतो.

दुसरं, मिळून असलेल्या दबदब्याची दुरुस्ती सरकारकडं पुन्हा मागा. तुमच्या सांगण्याला जेवढं वजन आहे तेवढं माझ्या पत्राला नाही.

तिसरं, तक्रार यायची वाट बघू नका. स्वतःहून चौकशी करायचा अधिकार तुम्हाला आहेच. पुढची दरवाढ जाहीर होईल तेव्हा तिघींना त्याच आठवड्यात नोटीस पाठवून खर्चाचा हिशेब मागवा, दर का वाढवला आणि नेमका आत्ताच का वाढवला ते लेखी घ्या. काही निघणार नाही कदाचित. पण २०१९, २०२१ आणि २०२४ तिन्ही वेळेला लोकांना वाटलं की बघणारं कुणी नाही.

आणि शेवटचं, व्होडाफोन आयडिया उद्या आणखी खाली गेली आणि तिचं गिऱ्हाईक, स्पेक्ट्रम नाहीतर टॉवर उरलेल्या दोघांपैकी कुणी घ्यायला निघालं तर तो सौदा तुमच्याकडं येईल. त्यावेळी बुडणारीला वाचवतोय असं सांगितलं जाईल. तेव्हा देशाचा आकडा बघू नका, सर्कल सर्कलचा, म्हणजे लायसनच्या एकेका भागाचा बघा, आणि डोंगरातल्या ज्या गावात आज दोनच रेंज लागतात तिथं एक उरणार का ते बघा.

वेगवेगळ्या कंपन्यांचे जुने रेट चार्ट, डिस्ट्रीब्युटरनं दिलेली पत्रकं आणि कमिशनचे कागद मी टाकून दिलेले नाहीत, माळ्यावर एका खोक्यात आहेत. कधी कुठं किती होतं ते त्यात तारखेनिशी सापडेल. तुमच्या महासंचालकांच्या ऑफिसला उपयोगी असतील तर कळवा, स्कॅन करून पाठवतो, ओरिजिनल मात्र देणार नाही.

आपला,
एक मोबाइल दुकानदार
कराड, जि. सातारा